रायफलीचा घसा

आमच्या घरात नेमबाजी बायको करते आणि नेमबाजीवर मी बोलतो. ही वाटणी लग्नानंतर आपोआप झाली आणि दोघांनाही मानवली. तिला बोलायचा कंटाळा आहे, आणि माझा नेम आयुष्यात कधी कशाला लागलेला नाही. एकदा क्लबातल्या लोकांनी आग्रह करून मला चटईवर पालथं पाडलं आणि तिची रायफल हातात दिली. माझी पहिली गोळी शेजारच्या सभासदाच्या टार्गेटवर गेली, तीही बरोबर मधोमध. त्या दिवसातली त्याची सगळ्यात चांगली गोळी तीच होती, असं तो अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

बायको हे कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना शिकली. पुढे बँकेत लागली, लग्न झालं, संसार झाला, निवृत्तही झाली, पण रविवारी सकाळी आरेतून जाणारी बस पकडून रेंजवर जाणं तिने सोडलं नाही. रेंज म्हणजे आरेच्या कडेला एका टेकाडासमोर बांधलेली लांबट पत्र्याची शेड. पन्नास मीटरवर टार्गेट, खाली चटई, चटईवर पालथं झोपून नेम धरायचा. हातात पॉइंट टू टू रायफल. रायफल क्लबाच्या मालकीची, पण इतकी वर्षं ती दुसऱ्या कुणी उचललेली नाही. दस्त्यावर जिथे तिचा गाल टेकतो तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय. यावर मी एकदा एक हळवं वाक्य लिहून तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गालाचं काय घेऊन बसलात? तिथे मला घाम येतो."

मी आयुष्यभर एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला. या धंद्यात माणसाला दोन सवयी लागतात. छापलेलं सगळं वाचायचं, आणि चूक दिसली की ती कुणाची हे लगेच ठरवायचं. दुसरी सवय पहिल्यापेक्षा वाईट.

पाऊस संपून उकाडा सुरू झाला होता. रेंजवरून येऊन ती मेथी निवडत बसली होती. मी समोर पेपर वाचत होतो. गॅस संपला हे सांगावं त्या आवाजात ती म्हणाली, "माझा हात गेला वाटतं."

"म्हणजे?"

"दहातल्या सात एकत्र पडतात, तीन कुठेही. आणि सुटताना मला कळतही नाही. पूर्वी गोळी सुटली की बघायच्या आधी कळायचं कुठे गेली ते. आता बघितल्यावर कळतं."

"थकली असशील."

"निवड चाचणी आहे पुढे, ज्येष्ठ गटाची. तोवर बघते. हात गेला असेल तर रायफल क्लबला परत करते. रडतखडत नाही करायचं."

तिने मेथीची काडी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. विषय तिच्यापुरता संपला. माझ्यापुरता सुरू झाला, कारण आदल्या आठवड्यात मी एक गोष्ट पाहिली होती. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. काठोकाठ पाणी भरलेली वाटी हातावर धरून हात लांब केला होता, आणि ती पाण्याकडे बघत होती. तिच्या वडिलांचा हात शेवटच्या वर्षांत कापायचा. गिरणीत माग चालवलेला माणूस दोन्ही हातांनी बशी धरून चहा प्यायचा आणि तरी अर्धा शर्टावर घ्यायचा. मी दारातूनच मागे फिरलो. तिने मला पाहिलं नाही, किंवा पाहिलं नसल्याचं दाखवलं.

म्हणून मी पेपर बाजूला ठेवून ठणकावून म्हणालो, "हात नव्हे. घसा गेलाय."

"कुणाचा?"

"रायफलीचा."

आता हे समजावून सांगायला हवं. काडतूस जिथे बसतं ते चेंबर. त्याच्या पुढे नळीत पिळाच्या खाचा सुरू होतात, त्या गोळीला फिरकी देतात. या दोन्हींच्या मध्ये एक निमुळता उतार असतो, तो रायफलीचा घसा. चांगल्या रायफलीत काडतूस बसवलं की गोळीचे खांदे त्या घशाला जेमतेम टेकतात आणि गोळी सरळ खाचांत शिरते. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने घसा झिजला की गोळी आधी एक छोटी उडी मारते आणि जराशी तिरकी होऊन आत शिरते. पन्नास मीटरवर त्या 'जराशा'चं बरंच काही होतं. इलाज असा, की झिजलेल्या घशाला जुळणारी गोळी शोधायची. लांब नाकाची, भरल्या खांद्यांची, उडी न मारता पोचेल अशी.

हे सगळं मला त्याच सकाळी इंटरनेटवर कळलं होतं. पण मी ते अशा थाटात सांगितलं, की जणू आमच्या घराण्यात तोफा ओतायचा धंदा होता. काडतुसाच्या बुडातल्या मसाल्यात काचेची पूड असते आणि तीच घसा खरवडते, हेही सांगितलं. हा बारकावा मला फार आवडला होता. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत घसा झिजलाय ते? आत बघितलंत?"

मी तो प्रश्न आव्हान म्हणून घेतला. वास्तविक तो प्रश्न होता.

तुंबलेल्या नळाच्या पाइपात घालून बघायचा एक बारीक कॅमेरा मिळतो. तो मी मागवला. पुढच्या रविवारी क्लबात, बायको चहा घ्यायला गेलेली असताना, मी तिच्या रायफलीत तो सोडला आणि मोबाइलवर बघू लागलो. नळीच्या आतला भाग चकचकीत, पिळाच्या खाचा एखाद्या जिन्यासारख्या वळत गेलेल्या. आणि चेंबरच्या तोंडाशी, नेमकी जिथे मला हवी होती तिथे, एक काळी खडबडीत कडी. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच "सापडला!" म्हणालो. चूक सापडली की होणारा तो आनंद मी ओळखतो. त्या आनंदात माणूस पुन्हा एकदा नीट वाचत नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी माझा मी राहिलो नसतो. मी क्लबाच्या सेक्रेटरींना गाठलं. हे गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत आणि भर उकाड्यात छातीवर बिल्ला लावलेला निळा कोट घालून येतात. पाहुणे, हार, शाल, श्रीफळ, मनोगत आणि आभार यांच्याशिवाय त्यांना कोणतीही गोष्ट घडली असं वाटत नाही. वर्षानुवर्षं मी त्यांची घरी नक्कल करत आलोय. त्यांनी विचारलं, "आपण सभासदांसमोर याचं एक छोटंसं विवेचन कराल का?" आणि मी लगेच "हो" म्हणालो.

विवेचनाला सात-आठ सभासद आणि एक मांजर हजर होतं. क्लबाच्या टीव्हीवर ती काळी कडी एवढी मोठी दिसत होती, की मांजर उठून गेलं. दाखवायला काठी हवी म्हणून मी भिंतीला टेकवलेली नळी साफ करायची सळई घेतली आणि तिच्या टोकाने कडी दाखवत बोललो. काचेच्या पुडीवर मी विशेष वेळ दिला.

एकाने विचारलं, "साफ करून बघितली का?"

माझ्या आधी दुसऱ्यानेच उत्तर दिलं, "स्पर्धा तोंडावर आहे यार, आता नळीला कोण हात लावतं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या क्लबाचा हा जुना रिवाज आहे. नळी आतून घासून काढली की ती बिघडते, म्हणजे पुढच्या बऱ्याच गोळ्या तिला सूर लागत नाही, असं सगळे मानतात, आणि त्यात तथ्यही आहे. म्हणून स्पर्धेच्या आधी दोरीला बांधलेली तेलाची चिंदी एकदाच ओढून काढायची, बस. पण आमच्या क्लबात एक ना एक स्पर्धा कायम पुढ्यात असते. बाहेरून मात्र खंडेनवमीला सगळ्या रायफली अशा पुसतात की त्यात तोंड दिसावं. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि सेक्रेटरींचं शस्त्राच्या महतीवर भाषण.

माझं बोलणं संपल्यावर सेक्रेटरी उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. "या रायफलीने क्लबाची जी सेवा केली," ते म्हणाले, "तिचं मोल होणार नाही. आता तिला विश्रांती देणं हे आपलं कर्तव्य आहे. वार्षिक समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते आपण ती काचेच्या पेटीत ठेवू. खाली पितळी पाटी लावू. वहिनींना चाचणीसाठी नवी रायफल देऊ. येत्या सभेत ठरावच घेतो."

टाळ्या झाल्या. दारात चहाचा कप घेऊन बायको उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

नवी रायफल म्हणजे क्लबाने कुणा सहाफुटी माणसाच्या मापाने घेतलेलं एक धूड. बायकोचा गाल तिच्या दस्त्याला टेकला की डोळा नेमाच्या भिंगापर्यंत पोचत नाही. हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. तबेले मागे पडले, चेकनाका मागे पडला. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, मी तुझ्याच बाजूने..."

"माझ्या बाजूने बोलायला मी होते ना?"

"लोकांना वाटायला नको की हात..."

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. मला कळायला हवंय. हात असेल तर हात, रायफल असेल तर रायफल." ती माझ्याकडे वळली. "लोखंडात आवळून झाडून बघू. हात नाही, डोळा नाही. नुसती रायफल आणि गोळी."

"आणि त्यात सगळ्या एकत्र पडल्या तर?"

"तर कळेल."

ती शांतपणे म्हणाली. घाबरलो मी. तोवर मी वकिलासारखा एका आरोपीवरचा आळ दुसऱ्यावर ढकलत होतो. खटला खरोखर चालेल आणि निकाल लागेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं. सेक्रेटरींना विचारून तिने सभेच्या आधीचा रविवार मागून घेतला.

रायफल आवळायची चौकट करायला आम्ही चारकोपला तिच्या धाकट्या भावाकडे गेलो. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचं वर्कशॉप आहे. तो बाटल्यांच्या झाकणांचे साचे बनवतो. जगातली कोणतीही अडचण लेथवर सुटते असं त्याचं मत आहे, आणि आवाज लेथच्या वर चढवून बोलायची सवय असल्यामुळे ते मत सगळ्या गाळ्यांना माहीत आहे. रायफल क्लबाबाहेर काढायची परवानगी नव्हती, म्हणून मी दस्त्याचा आकार जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढून नेला होता.

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "भावोजी, ही बंदूक हा काय पपई?"

"पेन्सिल जरा तिरकी धरली गेली."

"ताये, तुझो घोव सुक्या कागदार घसरता गे." मग माझ्याकडे वळून, "तुमी पुस्तकां वाचा. लोखंडाचा माझ्यार सोडा. घसो गेलो म्हणतास ना? मागसून अर्धो इंच कापतंय, नवीन चेंबर मारतंय. झकास!"

"तुरुंगात जाशील," बायको म्हणाली. "बंदुकीला हात लावायला लायसन लागतं. तू चौकट कर."

"नुसती चौकट?" तो हिरमुसला. पण रेंजवर येऊन स्वतः मापं घेऊन गेला आणि अशी चौकट बनवली की तिच्यात रेल्वेचा रूळही हलला नसता. आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं होतं, लाकडाला ओरखडा नको म्हणून.

मी दरम्यान गोळ्या जमवल्या. रेंजवरच्या सभासदांकडे एकेक करून गेलो. नेमबाज आपल्या गोळीबद्दल ज्या भक्तीने बोलतो तेवढ्या भक्तीने लोक गुरूबद्दलही बोलत नाहीत. एकाची चपट्या नाकाची गोळी, ती वारा कापते. दुसऱ्याची गोल नाकाची, ती वाऱ्याला कापायला जातच नाही म्हणून चांगली. आणि मला हवी होती ती, लांब नाकाची, भरल्या खांद्यांची, ती माझ्या त्या जुन्या शेजारी सभासदाकडे निघाली. "घ्या," तो म्हणाला, "तुमची एक गोळी मी देणं लागतोच." मी त्या डबीकडे दिवसातून अनेकदा बघायचो. मनात पक्कं केलं होतं, की साध्या गोळ्या विखुरतील, या एकत्र पडतील, घसा दोषी ठरेल, गोळी सापडेल, हात सुटेल.

त्या रविवारी रेंजवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सेक्रेटरी कोट घालून आले होते. मेहुणा सगळ्यांना चौकटीचं वजन उचलून बघायला लावत होता. बायकोने रायफल आवळली, क्लबाची नेहमीची साधी गोल गोळी भरली, आणि कुणीतरी ओरडलं, "फायरिंग बंद!"

टेकाडावर, टार्गेटांच्या बरोबर वर, आरेतली एक म्हैस येऊन उभी राहिली होती. सगळ्यांनी रायफली रिकाम्या केल्या. म्हैस चरू लागली. सेक्रेटरी पुढे जाऊन दोन्ही हात वर करून म्हणाले, "अहो, हला! हट! हट!" म्हशीला पहिल्यांदाच कुणीतरी अहो म्हटलं असावं. तिने बराच वेळ त्यांच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि मग आपल्या सोयीने निघून गेली.

साध्या दहा गोळ्या झाल्या. दुर्बिणीतून मी पाहिलं. सात एकत्र, तीन कुठेही.

"बघ!" मी ओरडलो. "लोखंडाचाही हात गेला का? सांगा!"

बायकोचे खांदे जरा खाली आले. चपट्या नाकाच्या गोळ्यांचंही तेच झालं. मग मी डबी पुढे केली, लग्नात अंगठी पुढे करावी तशी. तिने त्यातलं काडतूस घातलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे जाईना. तिने तळव्याने रेटा दिला तेव्हा कुठे बसला. दुसऱ्या काडतुसाला तेच, तिसऱ्याला तेच. आणि दहा झाल्यावर टार्गेटवर जे होतं ते बघून कुणालाही वाटलं असतं, की मूठभर मोहरी उधळलीय.

मला वाटलं, अजून लांब नाकाची गोळी हवी.

"अहो," बायको म्हणाली. तिच्या हातात शेवटचं काढलेलं रिकामं काडतूस होतं. "घसा झिजून रुंद झाला म्हणता ना?"

"हो. म्हणून तर..."

"मग भरल्या खांद्याची गोळी सैल जायला हवी. ही अडते कशाला?"

मी काचेच्या पुडीबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या सगळ्या वाचनात हा प्रश्न नव्हता, कारण तो कुणालाही पडला असता. कॅमेऱ्यात दिसलेली ती कडी म्हणजे झिजून गेलेलं लोखंड नव्हतंच. तो लोखंडावर आतून चढलेला थर होता. इतक्या वर्षांची काजळी, मेण आणि शिशाचा कीट चेंबरच्या तोंडाशी जमून दगड झाला होता. घसा रुंद झाला नव्हता, आवळला होता. आणि मी त्यात दिवसेंदिवस जाड गोळी कोंबायचा उपाय शोधत होतो.

"भावोजी, मळ हा तो," मेहुणा म्हणाला. "माका पयल्याच दिवशी वाटलेला."

"पहिल्या दिवशी तू अर्धा इंच कापायला निघाला होतास," मी म्हणालो.

"मळाबरोबरच कापतलो होतंय ना!"

बायकोने भिंतीजवळची सळई घेतली. तीच, जिने मी विवेचन केलं होतं. सेक्रेटरी पुढे आले. "वहिनी, चाचणी तोंडावर आहे. आपल्याकडे असं कधी..."

"तुम्हाला पेटीत घालायची होती ना?" ती म्हणाली. "मग मळकीच घालणार होतात का?"

पितळी ब्रशला तिने कीट सुटायचं झोंबऱ्या वासाचं औषध लावलं, आत भिजू दिलं, मग घासलं, पुन्हा भिजू दिलं. करपलेल्या दुधाचं पातेलं ती याच धीराने घासते. चिंदीवर आधी काळं आलं, मग राखाडी, मग काळे तुकडे. काही सभासदांनी नजर दुसरीकडे वळवली. आपापल्या रायफलींच्या पोटात काय असेल, याचा विचार करत असावेत. शेवटी चिंदी स्वच्छ निघाली. तिने नळीला सूर लागावा म्हणून काही गोळ्या नुसत्याच झाडल्या. मग पुन्हा चौकट, आणि पुन्हा साधी, गोल, क्लबाची नेहमीची गोळी. ती रायफल इतकी वर्षं तीच खात आली होती.

दहाच्या दहा एका बोराएवढ्या भोकात.

टाळ्या झाल्या. मेहुण्याने चौकटीला थोपटलं. सेक्रेटरींनी सभेपुढचा ठराव मागे घेत असल्याचं तिथेच जाहीर केलं आणि त्यावर दोन शब्द बोलले. मीही टाळ्या वाजवत होतो. वाजवता वाजवता माझे हात मंदावले. रायफल निर्दोष सुटली होती. म्हणजे आता आरोपी एकच उरला होता.

बायको चौकटीचे स्क्रू सोडत होती.

"ताये, आता कित्याक?" मेहुणा म्हणाला. "झाला ना!"

तिने चटई पसरली, डाव्या दंडाला रायफलीचा पट्टा आवळला आणि पालथी झाली. टाळ्या थांबल्या. मी दुर्बिणीशी बसलो. पहिली गोळी मधोमध. दुसरीही. तिसरी सुटली आणि मी बघायच्या आत ती म्हणाली, "उजवीकडे, खाली. ती माझी."

मी दुर्बिणीतून पाहिलं. उजवीकडे, खाली.

दहामध्ये अशा दोन निघाल्या. दोन्ही वेळा तिने आधी सांगितलं. संपल्यावर ती उठून बसली, पट्टा सोडला, आणि सगळ्यांसमोर डावा हात लांब करून त्याच्याकडे बघत राहिली. घरी हे ती माझ्या मागे करायची.

"जरा कापतो," ती म्हणाली.

मेहुण्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा लेथच्या खाली ऐकला. "बाबांसारखो?"

"बाबांएवढा नाही."

डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी हातावर टकटक केली, कागदावर गोल काढायला लावला, आणि वडिलांचा आजार हा नव्हे, वय आहे, असं सांगितलं. चहा कमी करा म्हणाले. तिने चहा बंद केला. मी दुसऱ्या खोलीत प्यायला लागलो.

चाचणी दुसऱ्या एका रेंजवर झाली. प्रेक्षकांच्या दोरीमागे मी उभा होतो, आणि उभा राहून कारणं जमवत होतो. वारा उजवीकडून होता. ऊन भिंगावर येत होतं. चटईखालची जमीन उताराची होती. यादी लागली तेव्हा संघात तिचं नाव नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. ती चटई गुंडाळून माझ्याकडे येऊ लागली, आणि माझ्या ओठांवर तिन्ही कारणं रांगेत उभी राहिली.

"काही बोलू नका," ती दुरूनच म्हणाली.

"मी कुठे..."

"वारा नव्हता. बाहेर गेलेल्या सगळ्या माझ्याच होत्या. सुटताना कळत होतं."

आम्ही नाक्यापर्यंत चालत आलो. तिथे मी विचारलं, कारण न विचारता राहवेना, "मग रायफल परत करणार?"

"कशाला?"

"तूच म्हणाली होतीस, हात असेल तर..."

"तेव्हा कळत नव्हतं कोणती गोळी कुणाची. आता कळतं." ती रिक्षाला हात करत होती. हात कापत होता, आणि रिक्षा थांबली. "रायफलीचं असतं तर मी काय करणार होते? माझं आहे, तर मलाच बघायला हवं. श्वास जरा आधी धरायला हवा. पट्टा एक भोक मागे घेऊन बघते." मग रिक्षात बसल्यावर म्हणाली, "रविवारी तुम्ही येताय?"

"येऊ?"

"दुर्बिणीशी बसा. गोळी कुठे पडली तेवढं सांगायचं. का पडली ते नाही."

मी कबूल केलं. तिच्या मानाने ही अट सौम्य होती, माझ्या मानाने कठीण. तेव्हापासून रविवारी मी तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसतो. क्लबात हल्ली बरेच जण आपापल्या रायफली घासताना दिसतात. सेक्रेटरींनी त्यासाठी एक स्वच्छता सप्ताह योजलाय, त्याला उद्घाटक शोधणं चालू आहे. मला व्याख्यानाचं विचारलं होतं. मी नको म्हणालो, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण घरी कुणी विश्वास ठेवत नाही.

परवा तिची सहावी गोळी सुटली.

"नऊ गुण," मी म्हणालो. "डावीकडे, किंचित वर." आणि सवयीने पुढे, "बहुतेक..."

"अहो," ती म्हणाली. डोळा भिंगावरच होता.

मी डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला. तिने पुढचं काडतूस घातलं.